तुकोबारायांचे धाकटे बंधू कान्होबा



आमच्या दिंडीला शंभर वर्षं पुरी होत आहेत, त्याची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा चरित्र कोणाचं द्यायचं यावर बैठकीत बराच वेळ बोलणं झालं. माउलींचं चरित्र सगळ्यांना ठाऊक. तुकोबारायांचं तर आपल्या चिखलीतल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ. मग एका जुन्या टाळकरी बुवांनी कान्होबांचं नाव काढलं. ते म्हणाले, बीजेच्या कीर्तनात कान्होबांचं नाव एका वाक्यात येतं आणि निघून जातं. महाराज गेल्यावर मागं राहिलेल्या माणसाचं काय झालं, हे आपण कधी नीट सांगितलंच नाही. सगळ्यांना ते पटलं. म्हणून हा लेख. यात जे आहे ते महिपतीबुवा ताहराबादकरांनी भक्तविजय आणि भक्तलीलामृतात लिहून ठेवलेलं, गाथ्यात असलेलं आणि आपल्या पंचक्रोशीत पिढ्यान्पिढ्या सांगितलं जाणारं आहे. आमचं म्हणाल तर अधूनमधून दोन शब्द.

देहूच्या या घराण्याचे मूळपुरुष विश्वंभरबाबा. पंढरीची वारी न चुकवणारे. त्यांच्यासाठी विठ्ठल-रखुमाई देहूत आले, अशी श्रद्धा. त्यांच्या पुढच्या पिढ्यांत एक कान्होबा झाले, त्यांचे चिरंजीव बोल्होबा. बोल्होबा आणि कनकाई यांना तीन मुलगे झाले. थोरले सावजी, मधले तुकाराम, धाकटे कान्होबा. म्हणजे धाकट्याला आजोबांचं नाव मिळालं. आपल्याकडं अजून तीच रीत आहे. ज्या पोराला आजोबाचं नाव असतं त्याला घरात कोणी नावानं रागवत नाही, सुना तर त्याला हाकसुद्धा जपून मारतात. शेंडेफळ आणि वर आजोबांचं नाव. कनकाईंनी या पोराचे किती लाड केले असतील, ते कोणी लिहून ठेवायची गरज नाही.

घर खाऊनपिऊन सुखी होतं. कुळ मोरे, गावची महाजनकी घरात, बाजारपेठेत दुकान, थोडी सावकारी, शेती, गुरंढोरं. बोल्होबांचं वय झालं तेव्हा त्यांनी थोरल्या सावजींना कारभार बघायला सांगितलं. सावजींचं मन प्रपंचात नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं, आणि सगळा भार तेरा वर्षांच्या तुकोबांवर आला. चार वर्षं बरी गेली. मग तुकोबांच्या सतराव्या वर्षी आईवडील दोघंही गेले. पाठोपाठ सावजींची बायको वारली आणि सावजी जे तीर्थयात्रेला निघाले ते परत प्रपंचात आलेच नाहीत.

इथं जरा थांबा. या सगळ्या गोष्टी आपण नेहमी तुकोबांच्या बाजूनं ऐकतो. धाकट्याच्या बाजूनं बघा. आई गेली, बाप गेला, मोठी वहिनी गेली, थोरला भाऊ घर सोडून गेला. आता ज्याच्याकडं बघून जेवायला बसायचं असा एकच माणूस उरला, तो म्हणजे तुकादादा. तोही काही मोठा नाही, मिसरूड फुटलेला पोरगा. कान्होबांना भाऊ आणि बाप एकाच माणसात मिळाले. पुढं सगळं आयुष्यभर त्यांचं जे वागणं दिसतं, त्याचं मूळ इथं आहे, असं आम्हाला वाटतं.

त्यानंतर दुष्काळ आला. शके १५५२च्या सुमाराचा, म्हणजे इसवी सन १६३०चा. आमच्या पिढीनं ७२चा दुष्काळ पाहिला. खडी फोडली, सुकडी खाल्ली. पण रोजगार हमीचं काम होतं, लाल ज्वारी तरी मिळत होती. त्या वेळी काहीच नव्हतं. गुरं मेली, माणसं देशोधडीला लागली. तुकोबांचा व्यापार बुडाला, दिवाळं निघालं, बाजारातली पत गेली. थोरल्या पत्नी रखमाबाई आधीच दम्यानं आजारी, त्या अन्नावाचून गेल्या. त्यांचा लहानगा संतूही गेला. घरात उरल्या धाकट्या पत्नी जिजाबाई, तुकोबा आणि कान्होबांचा प्रपंच.

या दुःखातून तुकोबा उठले ते डोंगराकडं निघाले. आपल्याकडच्या तिन्ही डोंगरांवर त्यांची पावलं लागलेली आहेत. भंडारा, घोरावडेश्वर आणि भामचंद्र. भामचंद्र आता आपल्याला चाकणच्या कारखान्यांमुळं ओळखीचा झालाय. आपल्या गावातली निम्मी पोरं त्या बाजूला पाळीनं कामाला जातात, बसच्या खिडकीतून डोंगर दिसतो. त्या वेळी तिथं रान होतं. तुकोबा कोणाला न सांगता तिथं जाऊन बसले ते पंधरा दिवस. अन्न नाही, पाणी नाही. अंगावर साप-विंचू खेळले, वाघ समोर आला, असं महिपतीबुवा सांगतात.

इकडं देहूत काय झालं असेल? जिजाबाईंचा जीव टांगणीला. आणि शोधायला कोण निघालं? कान्होबा. रानोमाळ हिंडत, वाटेत भेटेल त्याला विचारत ते भामचंद्राला पोचले आणि भावाला पाहून त्यांच्या गळ्यात पडले. सावजी गेले तेव्हा कान्होबा लहान होते, त्यांना अडवता आलं नव्हतं. या वेळी ते अडवायला गेले. आणि घेऊनही आले.

त्यानंतरचा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातली कान्होबांची बाजू लोक चुकीची सांगतात, म्हणून तो नीट सांगतो.

दोघं भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. तुकोबांनी घरातली सगळी खतपत्रं मागवली. खतपत्रं म्हणजे लोकांना दिलेल्या कर्जाचे कागद. वडिलांच्या वेळेपासूनची येणी त्यात होती. दुष्काळात कुणाकडं द्यायला काही उरलेलं नव्हतं, पण कागद होता तोवर देणेकऱ्याच्या मानेवर ओझं होतं. तुकोबांनी ते सगळे इंद्रायणीत टाकायचं ठरवलं. तेव्हा कान्होबा मध्ये बोलले. त्यांचं म्हणणं असं, की दादा, तू साधू झालास, तुझं खरं आहे; पण मला बायकोपोरं आहेत, त्यांना मी काय घालू? तुकोबा रागावले नाहीत. त्यांनी कागदांचे दोन वाटे केले. निम्मे कान्होबांच्या हातात दिले, आपल्या वाट्याचे तेवढे डोहात सोडले, आणि आजपासून तुझं तू बघ असं सांगून धाकट्याला वेगळं करून दिलं.

आता काही कीर्तनकार हा प्रसंग असा रंगवतात, की कान्होबा लोभी होते. आम्हाला ते बिलकूल मान्य नाही. ज्याच्या घरात नुकतंच उपासमारीनं माणूस मेलेलं आहे, तो लेकराबाळांची काळजी करणारच. त्यानं खोटं बोलून कागद लपवले नाहीत, भावाच्या पाठीमागं वसुली केली नाही. तोंडावर खरं ते सांगितलं. आणि तुकोबांचंही मोठेपण बघा. स्वतःच्या वैराग्याचा भार त्यांनी दुसऱ्याच्या पोरांच्या ताटावर टाकला नाही. ज्याचा हक्क त्याला दिला. वाटणी झाली, पण मन फाटलं नाही.

हे आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितो आहोत. आपल्या गावची जमीन गुंठ्यावर विकायला लागल्यापासून किती घरांत भावाभावांचं बोलणं बंद झालं, हे इथं बसलेल्या कोणाला सांगायला नको. आमच्या दिंडीतही असे दोघं सख्खे भाऊ होते. नावं घेत नाही. एक विण्याच्या पुढं चालायचा, दुसरा पार मागं. पंगतीत एकाची पाठ दुसऱ्याकडं. अकरा वर्षं असंच चाललं. रोज हरिपाठाला दोघं एकाच चालीत टाळ वाजवायचे, पण एकमेकांच्या पाया पडायची वेळ आली की एक जण पाणी आणायला निघून जायचा. एका वर्षी वारीला आठ दिवस राहिले असताना थोरला गेला. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर धाकटा आमच्या जवळ आला आणि दादाचे टाळ कुणाकडं आहेत, एवढंच विचारलं. त्या वर्षी तो पंढरपूरपर्यंत थोरल्याच्या जागेवर चालला. पण ज्याच्यासाठी चालायचं तो बघायला नव्हता.

असो. कान्होबांकडं परत येऊ.

वेगळं निघालेले कान्होबा भावापासून लांब गेले नाहीत, उलट जवळ आले. तुकोबांनी विश्वंभरबाबांच्या वेळचं पडकं देऊळ दुरुस्त केलं, कीर्तनं सुरू झाली, अभंग स्फुरू लागले. कीर्तनात मागं धरायला जे चौदा टाळकरी उभे राहत, त्यांत कान्होबा होते. त्या चौदांची नावं बघितली की आपला सगळा मुलूख त्यात दिसतो. चाकणचे संताजी तेली जगनाडे, कडूसचे गंगाजी मवाळ, सुदुंबऱ्याचे गवारशेट वाणी, लोहगावची चार-पाच मंडळी, आधी विरोध करून मग शरण आलेले रामेश्वरभट. आणि त्यात आपल्या चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी. म्हणजे आपल्या गावचा माणूस कान्होबांच्या शेजारी उभा राहून टाळ वाजवत होता. ही गोष्ट आपल्या पोरांना सांगितली पाहिजे.

या टाळकऱ्यांत येलवाडीचे मालजी गाडेही होते. ते तुकोबांचे जावई. तुकोबांना काशी, भागीरथी, गंगा अशा तीन मुली आणि महादेव, विठोबा, नारायण असे तीन मुलगे. मुलींची लग्नं तुकोबांनी कशी केली ते महिपतीबुवांनी सांगितलंय. रस्त्यात खेळणारी आपल्या जातीची पोरं बघितली, घरी आणली, हळद लावली आणि लग्नं लावून टाकली. हुंडा नाही, मानपान नाही, याद्या नाहीत. आता चुलता म्हणून कान्होबांनी त्या मांडवात काय धावपळ केली असेल याचा विचार करा. व्याह्यांच्या घरी जाऊन, तुमच्या पोराचं लग्न लागलंय, चला, असं सांगायचं काम कोणाकडं तरी आलंच असणार. भाऊ संत असला की घरच्यांना अशी कामं फार पडतात. आणि मग तोच चुलता आणि तोच जावई रात्री कीर्तनात एका ओळीत उभे.

कान्होबांनी स्वतःही अभंग रचले. तुकयाबंधु या मुद्रेचे अभंग गाथ्यात आहेत, ते त्यांचेच. काही ठिकाणी ते स्वतःला कान्हा म्हणतात. पण तुकयाबंधु हीच ओळख त्यांनी जास्त जवळ केली. म्हणजे तुकाचा भाऊ. स्वतःचं नाव मागं ठेवून भावाच्या नावावर सही करणारा कवी मराठीत दुसरा आम्हाला आठवत नाही.

मग शके १५७१ची फाल्गुन वद्य द्वितीया आली. इंग्रजी सन १६५०, काही जण आदला १६४९ धरतात. त्या दिवशी तुकोबाराय सदेह वैकुंठाला गेले, ही आपली श्रद्धा. इंद्रायणीकाठी कीर्तन चालू होतं, टाळकरी मागं होते, आणि बघता बघता महाराज दिसेनासे झाले. जिजाबाई घरी होत्या, आणि त्या वेळी नारायण पोटात होते.

चौदा टाळकरी तिथंच काठावर बसून राहिले. कोणी घरी जाईना, कोणी अन्नाला शिवेना. त्यात कान्होबांचं दुःख निराळं होतं. बाकीच्यांचे गुरू गेले होते. यांचा दादा गेला होता. सावजी गेले, पुन्हा दिसले नाहीत. भामचंद्रावर गेले तेव्हा शोधून आणता आलं. आता शोधायला जायचं कुठं?

त्या काठावर कान्होबांनी जे अभंग म्हटले ते गाथ्यात आहेत. आम्ही इथं ते छापत नाही, गाथा प्रत्येक घरात आहे, काढून वाचावेत. पण त्यात काय आहे तेवढं सांगतो. आधी नुसतं रडणं आहे. छाती फुटते, गळा दाटतो, पोरं आक्रोश करतात, आम्हाला रानात टाकून गेलास, सोबत न्यायची ताकद तुझ्यात नव्हती का, असं भावालाच विचारणं आहे. मग पश्चात्ताप आहे. तू एवढा मोठा होतास आणि मी तुझ्याशी भावासारखी सलगी करत राहिलो, तुझी सेवा केली नाही, याचा. घरातलं माणूस गेल्यावर हे प्रत्येकाला होतं. रोज जो समोर बसून भाकरी खातो त्याचं मोठेपण कळत नाही.

आणि मग राग. तो राग देवावर आहे. कान्होबा विठ्ठलाला सोडत नाहीत. आमचं घर तू बुडवलंस, माझा भाऊ मला परत आणून दे, नाही तर तुझी धडगत ठेवणार नाही, चिंध्या करीन, असं ते देवाला बजावतात. देवाला निर्लज्ज म्हणायलाही कचरत नाहीत. नव्यानं माळ घातलेल्या एका पोरानं मागं आम्हाला विचारलं होतं, की देवाला असं बोललेलं चालतं का? आमच्या जुन्या बुवांनी त्याला सांगितलं, ज्याचं देवावर प्रेम नाही त्यानं बोलू नये. बाकी भांडण घरच्याच माणसाशी होतं.

एक मात्र लक्षात ठेवण्यासारखं. कान्होबांच्या डोळ्यांसमोर भाऊ वैकुंठाला गेला, म्हणजे वारकऱ्याच्या लेखी याहून मोठी गती नाही. तरी त्यांनी आनंद झाल्याचं सोंग केलं नाही. कोणी गेलं की आपल्यात लगेच सांगितलं जातं, रडू नका, पुण्यवान होते, सोनं झालं. सोनं झालंच असेल. पण कान्होबा रडले, आणि पुढच्या वारकऱ्यांनी ते रडणं गाथ्यात जपून ठेवलं, काढून टाकलं नाही.

पंचमीला, म्हणजे तिसऱ्या दिवसानंतर, महाराजांचे टाळ, पत्र आणि गोधडी खाली आली, असं परंपरा सांगते. तेव्हा टाळकऱ्यांनी उपास सोडले. आपल्या चिखलीची कथा त्याला जोडूनच आहे. महाराज वैकुंठाला जाताना त्यांच्या हातातले टाळ इथं पडले, म्हणून आपलं गाव टाळगाव चिखली. गावात टाळ मंदिर आहे, आता संतपीठही उभं राहिलं आहे. बाहेरगावचे लोक चिखली म्हटलं की कुदळवाडीची भंगाराची गोदामं आणि कारखाने एवढंच ओळखतात. देहूचा वारकरी मात्र टाळगाव म्हणतो.

महाराजांनंतर सावजी नाहीत, तुकोबा नाहीत. बोल्होबांच्या तीन मुलांपैकी कान्होबा एकटे मागं राहिले. ज्या पोरक्या पोराला भावानं वाढवलं, तोच आता त्या भावाच्या पोरांचा वडीलधारा झाला. नारायणाचा जन्म त्यानंतरचा. या पोरानं बाप पाहिलाच नाही. त्यांना बाप कळला तो आईच्या, चुलत्याच्या आणि टाळकऱ्यांच्या तोंडून, असं आम्ही मानतो. दुसरं कोणाकडून कळणार? आणि ज्यांनी बाप पाहिला नाही त्याच नारायण महाराजांनी पस्तीस वर्षांनी, १६८५ साली, बापाच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदीला नेल्या, तिथून माउलींच्या पादुका घेतल्या आणि ज्ञानोबा-तुकारामांचा गजर करत पंढरीची वाट धरली. आज आपण ज्या सोहळ्यात चालतो तो तिथून सुरू झाला. आपली दिंडी शंभर वर्षांची, तो सोहळा साडेतीनशेच्या घरात.

बीजेला आपण देहूला जातो. दुपारी बारा वाजता नांदुरकीच्या झाडाखाली फुलं उधळतो, वरती बघतो, आणि प्रसाद घेऊन संध्याकाळी गावात परत. शंभर वर्षं हेच चालू आहे. त्या वेळी टाळकरी पंचमीपर्यंत काठावर बसून होते, आपण मात्र बीजेच्या संध्याकाळीच घरी असतो.

म्हणून बैठकीत असं ठरलं आहे, की या शताब्दी वर्षापासून बीज ते पंचमी रोज संध्याकाळी हरिपाठानंतर टाळ मंदिरात कान्होबांचे अभंग म्हणायचे. चाली बसवायचं काम दोन जुन्या बुवांकडं दिलं आहे. पाळीवर जाणाऱ्यांनी रात्रीची पाळी असेल तर आधी येऊन एक अभंग म्हणून जावं. भाऊ-भाऊ असतील त्यांनी शक्यतो बरोबर यावं. टाळ ज्यांचे त्यांनी आणावेत, ज्यांच्याकडं नाहीत त्यांच्यासाठी दिंडीच्या पेटीत सोळा जोड आहेत.